जमिनीच्या मापाची चड्डी

श्वास घेणं आणि सोडणं ही कामं मी जन्मल्यापासून कुणालाही न विचारता करत आलो होतो. त्यातला सोडायचा श्वास कोणत्या दिशेला सोडायचा, हे मला वयाच्या पंचविशीत एका घरमालकाने शिकवलं.

मी तेव्हा चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी खात्यात होतो. गाड्यांचे सुटे भाग मोजायचे, मापात असले तर पुढे सोडायचे, नसले तर परत पाठवायचे. खोली मिळाली ती चिखलीच्या पुढे, नदी ओलांडल्यावर लागणाऱ्या एका गावात. गाव आपलं म्हणायचं म्हणून म्हणायचं. एका अंगाला दिवसरात्र पत्रे ठोकणारा कारखाना, दुसऱ्या अंगाला ट्रकांची रांग लागलेलं गोदाम आणि या दोघांच्या कचाट्यात मालकांचं शेत. शेताच्या बांधाला लागून त्यांचं घर, घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही भाडेकरू.

पहिल्या संध्याकाळी सामान वर चढवून मी गच्चीच्या कठड्याला टेकलो होतो, रस्त्याकडे तोंड करून, धापा टाकत. खालून मालकांनी हाक मारली आणि तोंड जरा शेताकडं करा म्हणाले. मला वाटलं, रस्त्याने जाणाऱ्या बायकांकडे बघतोय असा त्यांना संशय आला. शरमून वळलो.

"हां, आता सोडा," ते म्हणाले. "तिकडं सोडला की वाया जातो. हिकडं पिकं हायेत, खात्यात."

तो माणूस वेडा आहे हे माझ्या लक्षात आलं, पण डिपॉझिट देऊन झालं होतं.

वेड लागण्याचं कारण पुढे कळलं. काही वर्षांपूर्वी गावात टी-शर्ट घातलेली तरुण मंडळी आली होती. देवळाच्या सभामंडपात पडदा लावून त्यांनी सांगितलं की हवेत कार्बन फार झालाय, तो परत जमिनीत घालायचा आहे आणि जो शेतकरी घालेल त्याला मोबदला मिळेल. नांगरट बंद करा, काडीकचरा जाळू नका, जमीन उघडी ठेवू नका, दोन पिकांच्या मधल्या काळात ताग-धैंचा पेरा. सगळ्या गावाने एकच प्रश्न विचारला, पैसे कधी मिळणार. मालकांनी एकट्यानेच विचारलं, कार्बन आत गेला हे जमिनीला कळतं का. टी-शर्टवाल्यांनी काय उत्तर दिलं ते मला माहीत नाही. पण त्या दिवसापासून मालक जे जमिनीच्या बाजूने विचार करायला लागले, ते पुन्हा माणसांच्या बाजूला आले नाहीत.

नांगरणं म्हणजे त्यांच्या मते कापराच्या डबीचं झाकण उघडं टाकणं. झाडाने हवेतून खाल्लेला कार्बन मुळांतून मातीला दिलेला असतो, मातीने तो जपून ठेवलेला असतो आणि तुम्ही फाळ घातला की उडून जातो. त्यामुळे गावात कुणाच्या रानात ट्रॅक्टर रोटाव्हेटर फिरवू लागला की मालक हातातलं काम टाकून त्या बांधावर जाऊन उभे राहायचे, मयताला उभं राहावं तसे, टोपी काढून. एकदा एका ट्रॅक्टरवाल्याने घाबरून इंजिन बंद केलं आणि विचारलं, कोण गेलं नाना. मालकांनी नुसतं जमिनीकडे बोट दाखवलं. त्या ट्रॅक्टरवाल्याने त्या दिवशी पुढे काम केलं नाही म्हणतात, पण हे मालकांनीच सांगितलेलं आहे, तेव्हा कितपत खरं धरायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

शेतातल्या गांडुळांना ते 'खालचे भाडेकरू' म्हणत. आम्ही वरचे. खालचे कधी पाण्याची मोटर लावा म्हणत नाहीत, दोस्त आणून धिंगाणा घालत नाहीत, जागा मिळाली त्यापेक्षा चांगली करून ठेवतात. ही तुलना आम्हाला दर महिन्याला भाडं देताना मुकाट्याने ऐकावी लागे. आमच्यातला एक लातूरकडचा भाडेकरू रोज सकाळी गच्चीत प्राणायाम करायचा. मालकांनी त्याला हाताला धरून शेताकडे वळवून बसवलं, तिथवर ठीक होतं. पण तो कपालभाती सुरू करायचा तेव्हा ते खाली मेथीच्या वाफ्यात उभे राहून, मागे येणाऱ्या ट्रकला दाखवावं तसं, जरा डावीकडं, अजून डावीकडं, असे हात करायचे. महिन्याभरात त्याने प्राणायाम सोडला आणि तंबाखू धरली. तंबाखूच्या पिचकाऱ्यांवर मालकांचं काही म्हणणं नव्हतं, फक्त त्या शेताबाहेर टाकाव्यात.

जमीन झाकायला त्यांना काहीही चालायचं. कंपन्यांच्या गेटवरून ते पुठ्ठ्याची खोकी आणत आणि ओट्यावर बसून त्यांच्या चिकटपट्ट्या सोलत. चहाच्या टपरीवरचा चोथा, कँटीनमधल्या भाज्यांची देठं, देवळातल्या नारळांच्या शेंड्या, सगळं त्यांच्या मोपेडवरून यायचं. एकदा सलूनवाल्याकडून केसांचं पोतं आणलं. मावशींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, ते पोतं बघितलं आणि आज एक तर हे घरात राहील नाही तर मी, असं सांगून टाकलं. पोतं रानात गेलं. मालक संध्याकाळपर्यंत त्याच्यापाशी बसून राहिले.

मावशींचा सोसण्याचा आवाका मोठा होता. मालक मोपेडवरून जाता-जाता कुठेही थांबत, कुणाच्याही रानातलं ढेकूळ उचलत आणि खिशात टाकत. घरी आल्यावर ते ढेकूळ पाण्याच्या ग्लासात सोडायचं आणि बघत बसायचं. जिवंत मातीचं ढेकूळ पाण्यात तसंच्या तसं राहतं, मेलेल्या मातीचं विरघळून त्याचा गाळ होतो. स्वयंपाकघराच्या खिडकीत अशा ग्लासांची रांग असे आणि प्रत्येकावर चिकटपट्टीने नाव लावलेलं. 'भाऊ', 'देवळामागची', 'सरपंच'. सरपंचांचं ढेकूळ दोन मिनिटांत बसलं तेव्हा मालकांनी घरोघर जाऊन सांगितलं आणि सरपंचांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. एकदा माझा मामा मला भेटायला आला होता, त्याने तहान लागली म्हणून एक ग्लास उचलला. तो तोंडाला लावायच्या आत मालक ओरडले, अहो ते माझे साडू आहेत. मामा पुन्हा कधी त्या घरी आला नाही.

"ह्यांच्या खिशात माती, डोक्यात माती," मावशी कपडे धुताना म्हणायच्या, "आन् संसाराची काय व्हायची ऱ्हायलीय."

आता चड्डीकडे यायला हवं. टाळता येण्यासारखं ते प्रकरण नाही.

टी-शर्टवाल्यांनी एक परीक्षा सांगितली होती. शंभर टक्के सुती, पांढरी, कोरी चड्डी जमिनीत वीतभर खोल पुरायची आणि दोन महिन्यांनी काढायची. माती जिवंत असेल तर तिच्यातले किडेजंतू सगळं कापड खाऊन टाकतात, हाती नुसतं इलास्टिक येतं. माती मेलेली असेल तर चड्डी जशीच्या तशी निघते. इलास्टिक मात्र कुठलीच माती खात नाही, कितीही भुकेली असो. बाकीच्या गावाने हे ऐकून तोंडाला रुमाल लावले. मालक दुसऱ्या दिवशी चिखलीच्या बाजारात होजिअरीची गाडी लावणाऱ्या चाचांकडे गेले आणि डझनभर चड्ड्या मागितल्या. चाचांनी माप विचारलं.

"कुठलंबी द्या," मालक म्हणाले. "जमिनीला घालायच्यात."

चाचा धंद्यात मुरलेले. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "फिर तो सबसे बडी लेके जाव."

तेव्हापासून मालक दर हंगामात रानाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत चड्ड्या पुरायचे आणि काढायचे. पहिल्या वर्षी निघाली ती साबूत. पुढे कडा गेल्या, मग बैठक गेली आणि शेवटी सगळीकडे इलास्टिकच निघायला लागलं. त्या इलास्टिकांनी मावशी लोणच्याच्या बरण्यांवर फडकी बांधायच्या. मी त्या घरचं लोणचं पुष्कळ खाल्लं आहे आणि ते फार चांगलं असायचं, हे इथे सांगितलेलं बरं.

मालकांना एकच लेक. ताथवडेच्या इंजिनीअरिंग कॉलेजात शिकली आणि तिथेच तिने स्वतःपुरता नवराही ठरवून टाकला. मुलगा तिच्याच वर्गातला, चाकणमध्येच एका कंपनीत डिझाइनचं काम करायचा. मावशींना पसंत होता. मालकांनाही असावा, कारण पहिल्यांदा घरी आला तेव्हा त्यांनी त्याला शेताकडे तोंड करून श्वास सोडायला लावलं आणि त्याने का असं न विचारता सोडला. प्रेमात माणूस काहीही सोडतो.

एका रविवारी मुलगा आई-वडिलांना घेऊन रीतसर बोलणी करायला आला. वडील पिंपरीच्या एका कारखान्यातून फोरमन म्हणून रिटायर झालेले, कडक इस्त्रीचे गृहस्थ. राजगुरुनगरच्या पुढे त्यांचं बटाट्याचं, कांद्याचं रान होतं, ते त्यांनी वाट्याने दिलेलं. मला वरून बोलावून घेतलं होतं, म्हणजे बैठकीत माणसं जास्त दिसतील. चहा झाला, पोहे झाले, कोण कुणाचं कोण लागतं ते झालं. मग मालक उठले, आतून एक पिशवी घेऊन आले आणि मुलाच्या वडिलांच्या हातात त्यांनी एक कोरी करकरीत पांढरी चड्डी ठेवली.

त्यांना वाटलं हा आहेर आहे. टॉवेल-टोपीच्या जागी या गावात ही चाल असेल. भल्या माणसाने ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि मग सवयीने अंगाशी धरून बघितली. मोठी होईल जरा, असं ते हळू आवाजात म्हणाले.

"तुमच्या रानाला बरोबर बसंल," मालक म्हणाले.

आणि मग त्यांनी अट सांगितली. ही चड्डी तुमच्या रानात पुरायची. दोन महिन्यांनी काढायची. मातीने खाल्ली तर लग्न, नाही खाल्ली तर रामराम. फोरमनसाहेबांचा चेहरा हळूहळू लाल होत गेला. आम्ही मुलीचं शिक्षण विचारलं नाही, स्वयंपाक विचारला नाही आणि तुम्ही आमच्या जमिनीत चड्ड्या पुरणार, असं ते बोलले आणि उठायला लागले. मुलाने त्यांचा हात धरून खाली बसवलं. म्हणाला, बाबा, पुरू या की, दोन महिन्यांचाच तर प्रश्न आहे.

पाहुणे गेल्यावर लेक बाहेर आली. ती आरडाओरडा करणाऱ्यातली नव्हती. म्हणूनच तिचं बोलणं मला इतकं आठवतं.

"आबा, मी काय कोथिंबीर हाय का, माती बघून लावायला?"

"कोथिंबीर म्हैन्याची असती," मालक म्हणाले. "तू जन्माची."

मग ते बराच वेळ बोलले. लोक लेक देताना फ्लॅट बघतात, गाडी बघतात, पगार बघतात. कंपनी बंद पडते, फ्लॅट जुना होतो. मेलेल्या रानाच्या घरात माणसं पण हळूहळू तशीच होतात, रान विकायला काढतात, मग भांडतात, हे त्यांनी आजूबाजूला पाहिलं होतं. यातलं किती बरोबर होतं मला सांगता येणार नाही. पण बोलताना ते मातीकडे नाही, लेकीकडे बघत होते आणि त्या माणसाला लेकीची खरोखर काळजी आहे हे मला पहिल्यांदा लख्ख दिसलं. लेकीने शेवटी एवढंच सांगितलं की तुमच्या मनाविरुद्ध मी जाणार नाही, पण दुसरीकडेही जाणार नाही, या घरातच राहीन, आता ठरवा. आणि ती आत गेली.

नवरात्रात आम्ही फोरमनसाहेबांच्या रानात चड्डी पुरली. मला 'कॉलिटीवाले' म्हणून नेलं होतं. मी जागा आखली, चार कोपऱ्यांना चार खुंट्या ठोकल्या. ठोकताना हात झिणझिणले, इतकी ती जमीन टणक होती. राखाडी, वरून पांढरा पापुद्रा धरलेली. वर्षानुवर्षं पाला जाळलेला, खतांच्या गोण्या रिकाम्या केलेल्या. मालकांनी ढेकूळ उचलून नाकाला लावलं आणि काही न बोलता खाली ठेवलं. एरवी ते वाईट मातीवर दिवसभर बोलू शकत. त्याच दिवशी संध्याकाळी त्यांनी आपल्या रानात दुसरी चड्डी पुरली, ताडून बघायला.

त्यानंतरचे दोन महिने घरात काही मजा राहिली नाही. लेक बापाशी कामापुरतं बोलायची. कधी गच्चीत यायची आणि मुद्दाम रस्त्याकडे तोंड करून मोठे उसासे टाकायची. खाली मालकांना ते ऐकू जायचं आणि ते अंग चोरून घ्यायचे. गावभर स्वतःच अट सांगून बसले होते, त्यामुळे माघार घेण्याची सोय नव्हती. आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला की तो उचलायलाही आपणच लागतो. एका सकाळी मी डबा घेऊन निघालो तर जिन्यात मला अडवून त्यांनी विचारलं की तुमच्या कॉलिटीत थोडं इकडंतिकडं चालतं का हो. मी म्हणालो, चालतं, त्याला टॉलरन्स म्हणतात. ते म्हणाले, चड्डीला किती धरता येईल. मी म्हणालो, अर्धी तरी खाल्लेली हवी. त्यांनी मान डोलावली, पण समाधान झालेलं दिसलं नाही. त्यांना ते रान आठवत असणार.

मार्गशीर्षात आम्ही निघालो. मालक, मावशी, लेक आणि मी, शेजाऱ्याच्या गाडीतून. आदल्या दिवशी मालकांनी आपल्या रानातली चड्डी काढली होती. नुसतं इलास्टिक निघालं, ते त्यांनी खिशात घेतलं होतं.

रानात पोचलो तर फोरमनसाहेब आणि मुलगा वाट बघत उभे आणि चार खुंट्यांच्या कडेला शेंदूर फासलेला एक धोंडा. समोर नारळ, विझलेल्या उदबत्त्या, हळदकुंकू. मी फोरमनसाहेबांकडे बघितलं. ते खजील होऊन सांगायला लागले. दसऱ्यापासून मुलगा दिवसाआड कामावरून परस्पर इथे यायचा आणि त्या जागेवर ताक, गुळाचं पाणी, शेणकाला असं काय काय ओतायचा. वर गवत अंथरायचा. शहरात शिकलेला इंजिनीअर सारखा एका जागी ताक-गूळ वाहतोय म्हटल्यावर गावाला वाटलं, याला दृष्टान्त झाला. रान वाट्याने करणाऱ्याच्या बायकोने उदबत्ती लावायला सुरुवात केली. मग कुणाची तरी हरवलेली म्हैस सापडली आणि नारळ आला.

मालकांनी हे सगळं ऐकून घेतलं. नारळाची शेंडी टाकू नका, आच्छादनाला घाला, एवढंच म्हणाले, चपला काढल्या, धोंड्याला नमस्कार केला आणि तो हलकेच बाजूला ठेवून खुरपं हातात घेतलं.

वीतभर उकरलं. काही नाही. अजून थोडं उकरलं. काही नाही. खुंटीपासून खुंटीपर्यंत सगळी माती वर आली, कापडाचा धागा नाही.

"खाल्ली, काका," मुलगा म्हणाला. "पूर्ण खाल्ली."

फोरमनसाहेबांची छाती फुगली. आमच्या रानाला पहिल्यापासून भूक फार, असं काहीतरी ते म्हणाले. मावशींनी हात जोडले. मी लेकीकडे बघितलं, तर तिने डोळे मिटून कपाळाला हात लावला होता. तिला कळलं होतं. मग मलाही कळलं. आमच्या खात्यात एखादा भाग अगदी बिनचूक, केसभरही फरक नसलेला निघाला की आम्ही आधी मोजणाऱ्यावर संशय घ्यायचो.

मालकांनी खिशातून आपलं इलास्टिक काढलं आणि तळहातावर ठेवलं.

"इलास्टिक कुठाय?" त्यांनी विचारलं.

मुलगा बाइककडे बघायला लागला.

"इंजिनीअर ना रे तू," लेक त्याला म्हणाली.

मग त्याने सगळं सांगितलं. पहिल्यांदा उकरून बघितली तेव्हा चड्डी इतकी चांगली होती की धुऊन घालता आली असती. त्या दिवशी तो घाबरला. कुठे-कुठे वाचून त्याने ताक, गूळ, शेण सुरू केलं. गेल्या आठवड्यात पुन्हा बघितली तर भोकं पडली होती, पण बरीचशी शिल्लक होती. त्याला वाटलं नापास होणार. म्हणून काढून घेतली. कुठे ठेवली, असं मालकांनी विचारलं, तेव्हा तो बाइकपाशी गेला आणि डिकीतून एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आला.

मालकांनी ती चड्डी दोन्ही हातांनी उन्हात धरली. चाळणी झाली होती नुसती. पलीकडचा डोंगर तिच्यातून तुकड्यातुकड्यांनी दिसत होता. फोरमनसाहेबांनी शरमेने मान फिरवली. आता हे काही जमत नाही, असं माझ्याप्रमाणे सगळ्यांनाच वाटलं असणार. खोटं केलं होतं, तेही कार्बनच्या बाबतीत. मालकांनी यापेक्षा कमी कारणावरून सरपंचांशी वाकडं घेतलं होतं.

पण मालक चड्डी खांद्यावर टाकून गुडघ्यांवर बसले होते आणि खड्ड्यात कोपरापर्यंत हात घालून चाचपत होते. त्यांनी मूठभर माती वर काढली. ती राखाडी नव्हती. ओलसर, काळी, रव्यासारखी भुसभुशीत. खुंटीबाहेरची जमीन तशीच वीट झालेली आणि आत ही. त्यांनी बोटाने माती सारखी केली तर तिच्यातून एक गांडूळ निघालं, बारीक, गुलाबी, आणि पुन्हा आत शिरायला धडपडू लागलं. मालकांनी त्याला आत जाऊ दिलं. मग मूठ नाकाला लावली. ती मावशींपुढे धरली आणि एरवी नाक मुरडणाऱ्या मावशींनीही वास घेतला.

"एवढी जिवंत झालीय," मालक म्हणाले. "माजी लेक उभी राहंल एवढी."

"आणि बाकीचं रान?" फोरमनसाहेबांनी विचारलं. आता त्यांच्या आवाजात राग नव्हता.

मुलाने रानावरून लांबच्या बांधापर्यंत नजर फिरवली. आपलं रान केवढं आहे हे त्याने तेव्हाच पहिल्यांदा नीट बघितलं असावं.

"त्याला आयुष्य जाईल, काका," तो म्हणाला. "आमच्या दोघांचंही."

"मंग लगीन कशासाठी करत्यात?" मालक म्हणाले.

 लेकीने सँडल काढले, साडी जरा वर उचलली आणि त्या उकरलेल्या जागेत जाऊन उभी राहिली. चार खुंट्यांच्या मधे ती बरोबर मावली. मालकांनी तिच्याकडे एकदा वर बघितलं आणि तसेच, मातीत बसल्या बसल्या, खांद्यावरची ती चाळणी झालेली चड्डी तोंडाला लावून ढसाढसा रडले.